सिक्लिड एकेक करून मरतात, पाणी मात्र ठीक: चूक माशांच्या निवडीत आणि टँकच्या मापात असते

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. तीन फुटी टँक, त्यात ‘मिक्स आफ्रिकन सिक्लिड’ (आफ्रिकेतल्या सरोवरांतले रंगीत, जागेवरून भांडणारे शोभेचे मासे) म्हणून आणलेले दहा-बारा दीड इंची मासे. पहिले पाच-सहा महिने सगळं झकास. मग एक मासा वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या पाइपामागे तिरका उभा राहायला लागतो आणि आठवड्याभरात मरतो. काही आठवड्यांनी दुसरा. पाणी तपासलं तर ठीक निघतं. दुकानातून औषध येतं, मिथिलीन ब्लू पडतं, सिलिकॉनचे जोड कायमचे निळे होतात आणि तिसराही जातो. वर्षाअखेर टँकमध्ये एक धष्टपुष्ट नर उरतो आणि त्याला कसलाही रोग नसतो.

दीड इंचाची पिल्लं भांडत नाहीत. ती वयात आली की एक नर अर्धा तळ आपला मानतो, दुसरा उरलेला अर्धा, आणि बाकीच्यांना जागाच उरत नाही. खरेदीच्या दिवशी झालेली चूक दिसायला म्हणून सहा महिने लागतात.

आधी खात्री करून घ्या

मार खाणारा मासा ओळखणं सोपं आहे, कारण तो एकटाच आजारी दिसतो. बाकीचे नीट खातात, फिरतात. हा मात्र पृष्ठभागाजवळ किंवा हीटरमागे दबून असतो. शेपटी आणि पर फाटलेले, कुशीवरचे खवले उडालेले, रंग उतरलेला. खाणं पडलं की पुढे येतो आणि लगेच हाकलला जातो. कोण हाकलतंय ते बघायचं तर काचेजवळ उभे राहू नका. खाणं मिळणार या आशेने सगळे पुढे येतात आणि भांडण थांबतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला वीस मिनिटं बसा, गुन्हेगार सापडतो.

सगळेच मासे एकदम वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर प्रश्न पाण्याचा आहे: अमोनिया, ऑक्सिजनची कमतरता किंवा नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. आफ्रिकन टँकमध्ये अमोनिया जास्त घातक ठरतो. पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्के विषारी रूपात असतो, पीएच ८.२ आणि तापमान २६ अंश असेल तर हेच प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास जातं. टेस्ट किटवर दिसलेला ०.५ हा आकडा गप्पीच्या टँकमध्ये एक वेळ चालून जाईल, इथे त्याच दिवशी अर्धं पाणी बदलावं लागतं.

तिसरी शक्यता ब्लोटची, म्हणजे पोट फुगण्याच्या रोगाची. मासा खाणं तोंडात घेऊन थुंकतो, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लांब होते, नंतर पोट फुगतं. मेट्रोनिडाझोल दिलं तर वेगळ्या टबात, ४० लिटरला २५० मिलिग्रॅम या मापाने, मध्ये पाणी बदलत. आणि तेही पोट फुगण्याआधी. फुगल्यावर फारसा उपयोग होत नाही. मात्र ब्लोटसुद्धा बऱ्याचदा दबून राहिलेल्या माशालाच आधी गाठतो, म्हणजे पुन्हा मूळ मुद्द्यावरच येतो.

आजच्या आज काय करायचं

मार खाल्लेल्या माशाला २०–३० लिटरच्या प्लास्टिकच्या टबात हलवा. पाणी टँकमधलंच, चालू स्पंज फिल्टर, लिटरला २ ग्रॅम साधं जाडं मीठ (आयोडीन नसलेलं) आणि लपायला पीव्हीसी पाइपाचा तुकडा. मीठ एकदम न टाकता दिवसभरात तीन वेळा विरघळवून घाला. फाटलेले पर दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. औषधाची गरज कापसासारखी बुरशी दिसली तरच.

पण एवढंच केलं तर मारणारा नर दुसऱ्या दिवशी नवा बळी निवडतो. म्हणून त्यालाही बाहेर काढा, चार ते सात दिवसांसाठी. दुसरा टब नसेल तर भोकं पाडलेला प्लास्टिकचा क्रेट टँकमध्येच अडकवून त्यात ठेवा. तो आत असताना टँकमधले सगळे दगड उचलून नव्याने रचा. परत सोडताना दिवे बंद ठेवा, बाकीच्यांना आधी खाऊ घाला. त्याची जुनी गुहा जागेवर नसते, त्यामुळे त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दगड न हलवता सोडलात तर तो सरळ आपल्या जागी जाऊन बसेल आणि आठवडा फुकट जाईल.

ही मलमपट्टी महिना-दोन महिने टिकते. यादीच चुकलेली असेल तर पुढे मासे बदलावे लागतात.

कोण कोणाबरोबर

‘सिक्लिड’ हे लेबल जुळणीची कसलीच हमी देत नाही. बाजारात वाट्यावर मिळणारी चिलापी सिक्लिडच, गोव्याचं काळुंदर सिक्लिडच, एंजल आणि डिस्कससुद्धा सिक्लिडच. ऑस्कर, एंजल, डिस्कस दक्षिण अमेरिकेतले. मूळचे मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातले. दुकानातले ‘आफ्रिकन’ बहुतेक ज्या मलावी सरोवरातले, त्याचं पाणी उलट कठीण आणि अल्कधर्मी, पीएच साधारण ७.७ ते ८.६. ऑस्कर फुटाएवढा होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. फ्लॉवरहॉर्न हा संकर. त्याला चार फुटी टँकमध्ये एकट्याने ठेवायचं, जोडीदाराचा विचारही नको. एंजलचे लांब पर मलावीच्या माशांसमोर आठवडाभरही टिकत नाहीत. एंजल, ऑस्कर आणि आफ्रिकन हे तिन्ही एका टँकमध्ये ‘चालतात’ असं जिथे सांगतात, तिथून फक्त खाणं घ्यावं.

आता मलावीतल्या मलावीत. इथे खडकात राहणारे, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे ते म्बुना. दुकानातल्या मिक्स टबात बहुतेक हेच असतात, आणि घोळ असा की त्या टबातली सगळ्यात देखणी पिल्लं पुढे सगळ्यात दुष्ट निघतात. ऑरॅटस पाहा: पिवळंधमक अंग, काळे-पांढरे आडवे पट्टे. वयात आल्यावर नर काळपट होतो आणि आपल्या जातीच्या माद्यांनाही सोडत नाही. केनी लहानपणी फिकट निळा, उभ्या पट्ट्यांचा. मोठा नर पिवळा होतो आणि १२–१३ सेंटीमीटरपर्यंत वाढतो. तुमच्या टँकमधला शेवटी उरलेला धष्टपुष्ट नर या दोघांपैकी एक असण्याची शक्यता बरीच आहे. चार फुटांपर्यंतच्या टँकमध्ये हे दोन्ही घेऊच नका. डेमासोनी जेमतेम आठ सेंटीमीटरचा, पण एकमेकांसारखा दिसणारा मासा त्याला खपत नाही. चार-पाच घेतले तर एकच उरतो. घ्यायचे तर बारा-पंधरा, म्हणजे मार वाटला जातो.

पहिल्या टँकसाठी भरवशाचा मासा म्हणजे यलो लॅब, दुकानांत इलेक्ट्रिक यलो म्हणूनही ओळखला जातो. म्बुनांमध्ये सौम्य, आठ-दहा सेंटीमीटरचा. घेताना पाठीच्या परावर स्वच्छ काळी पट्टी आहे का बघा. पट्टी पुसट आणि अंगावर नारिंगी झाक असेल तर रेड झेब्रा या दुसऱ्या म्बुनाशी झालेला संकर असू शकतो. या दोघांची पिल्लं सहज होतात, म्हणून त्यांना एकत्र ठेवू नका. यलो लॅबबरोबर रस्टी सिक्लिड आणि सोकोलोफी चांगले जमतात. तिघांचे रंग वेगळे, म्हणजे एकाला दुसरा आपला प्रतिस्पर्धी वाटत नाही. रंग आणि पट्टे सारखे असलेल्या दोन जाती कधीही नकोत. डेमासोनी आणि सॉलोसीचा नर, दोघेही निळे-काळे उभ्या पट्ट्यांचे. एकमेकांना बघून ते दिवसभर धुमसत राहतात.

फार जाती नकोत. प्रत्येक जातीचे दोन-दोन घेऊन रंगीबेरंगी टँक करायचा मोह टाळा: दोनांत एक नर एक मादी निघाली तर नर मादीला दमवून मारतो, दोन्ही नर निघाले तर एक दुसऱ्याला. प्रमाण एका नरामागे तीन-चार माद्या. पिल्लांत नर-मादी ओळखता येत नाही आणि पोटाखालच्या परावरचे पिवळे ठिपके बघून ठरवणं बेभरवशाचं, कारण ते माद्यांनाही असतात. म्हणून प्रत्येक जातीची आठ पिल्लं घ्या, वाढवा आणि जास्तीचे नर दुकानात परत द्या. मोठ्या माशात ओल्या जाळीवर उलटं धरून बघता येतं: नराची दोन्ही छिद्रं सारख्या आकाराची, मादीचं मागचं छिद्र ठळक मोठं.

पीकॉकचा मामला वेगळा. तेही मलावीचेच, पण खुल्या वाळूतले, म्बुनांच्या मानाने शांत, आणि म्बुनांच्या धांदलीत त्यांचा रंगच येत नाही. चार फुटांत फक्त नर, प्रत्येक वेगळ्या रंगाचा, आठ-दहाच्या आत, एकही मादी नाही. मादी आली की शांतता संपली.

दोन फुटी टँक (२ × १ × १ फूट, सुमारे ५६ लिटर) घरात आधीच असेल तर त्यात म्बुना नकोतच, एकही नको. मऊ पाण्याच्या गावात रामिरेझी या छोट्या सिक्लिडची एक जोडी ठेवा, तापमान २७–२९ अंश. पाणी कठीण असेल आणि आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवरातले, शंखात राहणारे मल्टिफॅशिएटस मिळाले तर सहा मासे आणि पंधरा-वीस रिकामे शंख. टँक लहान असला तरी यांची वागणूक मोठ्या सिक्लिडांपेक्षा बघण्यासारखी असते.

टँक: उंचीवर पैसे घालवू नका

सिक्लिडचा हक्क तळावर असतो. दोन फूट उंच टँक हॉलमध्ये छान दिसतो, पण वरचं पाणी भांडण कमी करत नाही. तळाचं माप करतं. हिशेब मांडून बघा.

३ × १.५ × २ फूट: तळ ४.५ चौरस फूट, पुढची-मागची काच १२, दोन्ही बाजू ६. एकूण काच २२.५ चौरस फूट, पाणी ९ घनफूट.

४ × १.५ × १.५ फूट: तळ ६, पुढची-मागची १२, बाजू ४.५. एकूण काच पुन्हा २२.५ चौरस फूट, पाणी पुन्हा ९ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर.

काच तितकीच, पाणी तितकंच, तळ मात्र दीड चौरस फुटाने मोठा. शिवाय काचेची जाडी पाण्याच्या उंचीवर ठरते. दीड फुटाला वरून पट्ट्या मारलेली ८ मिमी काच चालते, दोन फुटांना १० मिमी लागते, आणि ती महाग. म्हणजे उंच टँक जास्त पैसे घेऊन कमी जागा देतो. जागा तीन फुटांचीच असेल तर ३ × १.५ × १.५ करा (१८ चौरस फूट काच, १९० लिटर) आणि एकच जात ठेवा: सॉलोसी, दोन नर आणि आठ माद्या. माद्या पिवळ्या, नर निळे, त्यामुळे एका जातीतही दोन रंग मिळतात. रुंदी एक फूट असलेला टँक कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्यात दगडांचा ढीग मागे रचला की पुढे पोहायला जागा उरत नाही.

तयार, साच्यातल्या, वर झाकण-दिवा असलेल्या टँकपेक्षा स्थानिक माणसाकडून बनवून घेतलेला टँक लिटरमागे बराच स्वस्त पडतो. त्याला तीन गोष्टी आधी सांगा: फ्लोट काच, कडा घासलेल्या, आणि सिलिकॉन बुरशीरोधक नसलेलं. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमधलं बुरशीनाशक माशांना मारतं. जुना टँक घेतलात तर घरी आणल्यावर सपाट जागेवर थर्माकोलवर ठेवून काठोकाठ भरा आणि ४८ तास बघा. सिलिकॉनच्या आत बुडबुडे किंवा पांढरी सुटलेली कड दिसली तर जोड काढून नव्याने भरावे लागतील; वरून सिलिकॉनचा लेप देऊन गळती थांबत नाही.

वजन विसरू नका. चार फुटी टँक, काच ४२ किलो, वाळू २२, दगड ५०, पाणी दोनशे लिटरच्या वर आणि लोखंडी स्टँड मिळून सुमारे ३४० किलो होतात, आणि तेही अर्ध्या चौरस मीटरपेक्षा थोड्याच जास्त जागेवर. घरांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला २०० किलो आहे, पण तो पूर्ण खोलीभर धरलेला असतो. त्यामुळे टँक बीमवरच्या भिंतीला लागून ठेवा. खोलीच्या मध्यावर किंवा पुढे काढलेल्या गॅलरीत नको. स्टँडखाली लेव्हल ट्यूब लावून बघा. एका पायाखाली दोन-तीन मिमीचा फरक असला तरी तळाच्या काचेवर पीळ बसतो.

दगड फुकट मिळतात. आपल्याकडचा काळा बेसाल्ट पाण्यात काही सोडत नाही. ब्रशने घासून, उकळत्या पाण्याने धुऊन घ्या. आधी तळावर पातळ थर्माकोल, त्यावर मोठे दगड, मग वाळू, याच क्रमाने. सिक्लिड वाळू उकरतात, आणि वाळूवर ठेवलेला दहा किलोचा दगड एके रात्री पुढच्या काचेवर येतो. ढीग पाण्याच्या निम्म्या उंचीपर्यंत न्या, आरपार दिसणारी मोकळी ओळ ठेवू नका. गुहा कमी पडल्या तर ७५ मिमी पीव्हीसीचे पाच-सहा इंची तुकडे किंवा अर्ध्या फोडलेल्या मातीच्या कुंड्या कामाला येतात. गुहेला दोन तोंडं हवीत. एकच तोंड असेल तर ती सापळा होते.

पाणी आणि यंत्रं, थोडक्यात

मुंबईचं पालिकेचं पाणी मऊ, पण मराठवाड्यातल्या बोअरवेलचं बहुधा इतकं कठीण की काहीच मिसळावं लागत नाही. केएच (कार्बोनेट कठीणता, जी पीएच स्थिर ठेवते) आणि जीएच (एकूण कठीणता) एकदा मोजा, मग ठरवा. केएच १ अंशाने वाढवायला १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो (बेकिंग पावडर नव्हे). २ वरून ८ वर न्यायचं तर १८ ग्रॅम. जीएच १ अंशाने वाढवायला १०० लिटरला ४.४ ग्रॅम एप्सम सॉल्ट. सोडा मोजायचा तो बदललेल्या पाण्यापुरता; दर आठवड्याला ८० लिटर बदलून पूर्ण २५५ लिटरचा सोडा टाकणारे लोक महिन्याभरात पीएच कुठल्या कुठे नेतात. प्रवाळाचा चुरा घेऊ नका, प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. पोल्ट्री खाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो. तो धुऊन जाळीच्या पिशवीत अर्धा-एक किलो फिल्टरमध्ये ठेवला की केएच घसरत नाही.

चार फुटी टँकमध्ये १८ म्बुना ठेवायचे तर गर्दी मुद्दामच केलेली असते, मार वाटला जावा म्हणून. पण गर्दीला फिल्टर लागतो: तासाला किमान १५०० लिटर खऱ्या प्रवाहाचा, आणि दर आठवड्याला ४० टक्के पाणी बदलणं. नळाच्या पाण्याला १०० लिटरमागे १ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट क्लोरीनसाठी पुरतं. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप ही चैन नाही. दाट टँक तीन-चार तासांत गुदमरतो. तापमान २५ अंशांवर ठेवा. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी ३२ च्या वर जातं आणि गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी असतो. पृष्ठभागावर तिरका टेबल फॅन दोन-तीन अंश खाली आणतो. उडालेल्या पाण्याची भर सोडा न घालता करा.

खाणं स्पिरुलिनाच्या गोळ्यांचं, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल इतकं. ट्युबिफेक्स किडे नकोत. म्बुनांचं आतडं लांब, शेवाळासाठीचं. मांसल खाणं ब्लोटला आमंत्रण देतं.

नवा मासा टाकताना

मासे कमी झालेल्या टँकमध्ये एकच नवा मासा कधीही सोडू नका. तो सगळ्यांचा एकमेव बळी असतो आणि बहुधा दोन दिवसांत संपतो. तीन आठवडे टबात वेगळं ठेवून, किमान पाच-सहा मासे एकाच वेळी, दगड हलवून, दिवे बंद करून सोडा. आकार जुन्यांच्या जवळपास हवा. उरलेला एकच दादा नर असेल तर त्याच्याभोवती नवा टँक उभा करायचा प्रयत्न करू नका. तो दुकानात परत द्या किंवा त्याला एकट्याला ठेवायची जागा असणाऱ्याला द्या. दुकानदार घेत नसला तरी तळ्यात किंवा नदीत सोडू नका. १९५२ मध्ये देशात आणलेली चिलापी आज आपल्या धरणांत ठाण मांडून बसली आहे.